न मोडलेला उतार

यमुना परब आमच्या शाळेत रुजू झाली त्या आठवड्यात शिक्षकांच्या खोलीत एकच विषय होता. नव्या भूगोलाच्या बाईंना कोड आहे म्हणे. तिचे गाल, हनुवटी आणि नाकाचा शेंडा भाजल्यासारखे काळवंडलेले होते, आणि डोळ्यांभोवती मात्र कानांकडे निमुळती होत गेलेली गोरी चौकट होती. हिंदीच्या बाईंनी आपलेपणाने तिला सावंतवाडीच्या एका वैद्यांचं नाव सुचवलं. यमुनाने ते सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे चष्म्यामुळे झालंय. बर्फावर ऊन खालूनसुद्धा लागतं. चष्मा झाकतो तेवढीच कातडी वाचते."

मालवणात खालून लागणारं ऊन म्हणजे दुपारची वाळू, आणि तिचा संबंध फक्त तळपायांशी.

तिची माहिती मला आहे ती एवढीच. ती धामापूरची. घरची थोडी भातशेती, काजूची झाडं. मुंबईला मावशीकडे राहून शिकली, भूगोल घेऊन पदवीधर झाली, आणि कॉलेजात असताना गिर्यारोहणाच्या शिबिरासाठी म्हणून मनालीला गेली ती तिथेच राहिली. पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फावरून उतरायचं, त्याला स्कीइंग म्हणतात, ते ती शिकली आणि मग तिथल्याच एका संस्थेत शिकवायला लागली. काही हिवाळे असे गेले. मग वडील वारले, आई एकटी पडली, आणि ही घरी आली. ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. मी त्याच शाळेत मराठी शिकवत असे, आणि आमचे रिकामे तास बरेचदा एकत्र येत.

सकाळी एस्टीतून उतरली की तिचा पहिला प्रश्न ठरलेला. स्टँडपासून शाळेपर्यंत जो ओळखीचा भेटेल त्याला ती विचारी, "काल वारो खंयचो होतो?" मालवणात वाऱ्याची चौकशी करणं ही काही नवलाची गोष्ट नाही. पण मासळीवाल्याने विचारलं तर त्यामागे समुद्र असतो. हिच्या मागे काय होतं ते कोणालाच कळत नसे. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "सवय गो. थंय वारो बघल्याशिवाय घराभायर पाऊल टाकूक येत नाय. बर्फ पडता तो आभाळातसून, पण तेका जाग्यार बसवता तो वारो."

छत्रीच्या टोकाने ती सगळं टोचून बघे. शेताचा बांध, गवताची उडवी, भरतीनंतर किनाऱ्यावर उभी राहिलेली वाळूची कड. टोचायची, किंचित मान कलती करून ऐकायची आणि पुढे जायची. शाळेच्या वाटेवर ओढ्यावर एक लाकडी साकव होता. त्यावरून ती मुलांना एकेक करूनच सोडी. एक पार झाला की दुसरा, आणि बाकीच्यांनी झाडाखाली थांबून त्याच्याकडे बघत राहायचं. "नुसतं थांबू नका, बघा," ती म्हणे. "त्याचं काही झालं तर तो शेवटचा कुठे दिसला, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे." मुलांनी त्याचा खेळच केला. साकव पार करणारा मध्यावर जाऊन मुद्दाम लटपटे, आणि काठावरची मुलं गंभीर चेहऱ्याने त्याच्यावर बोट रोखून उभी राहत. साकव चांगला मजबूत होता. त्यावरून बैलसुद्धा जात.

सातवीच्या भूगोलात हिमालयाच्या बर्फाबद्दल एक ओळ होती. त्या एका ओळीसाठी तिने घरून पाट, तांदळाचं पीठ आणि जाडी साखर आणली. मी व्हरांड्यातून जात होते ती दाराशीच थांबले. तिने पाटावर किंचित ओलसर पीठ थापून घट्ट बसवलं. "हा डिसेंबरचा बर्फ." त्यावर साखर पसरली. "नंतर पुष्कळ दिवस कोरडी थंडी पडते. बर्फाचे कण सुटे होतात, साखरेसारखे. हातात घेतले तर बोटांतून गळतात." मग साखरेवर पिठाचा आणखी एक जाड थर घालून तो तळहाताने हलकेच दाबला. "हा नवा बर्फ. वाऱ्याने दाबून याची फळी केली. वरून बघणाऱ्याला काय दिसतं? पांढरंशुभ्र, गुळगुळीत, घट्ट. असं वाटतं, यावरून उतरण्यासारखं सुख नाही. भुसभुशीत बर्फाला लोक भितात. मी या घट्ट बर्फाला भिते, कारण तो कशावर बसलाय ते दिसत नाही."

पिठावर तिने एक काजूगर ठेवला. "हा माणूस." आणि पाट एका बाजूने हळूहळू उचलायला सुरुवात केली. वर्गात एवढी शांतता होती की बाहेरच्या माडांची सळसळ आत ऐकू येत होती. पाट बराच कलला तरी काही होईना. मग तिने काजूगराशेजारी बोटाने एक टिचकी मारली. वरच्या काठाला आडवी भेग गेली आणि पिठाची अख्खी फळी एकदम सुटून खाली आली, मोडली, आणि काजूगर दिसेनासा झाला.

"बाई, माणूस खंय गेलो?" पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

"शोधा," यमुना म्हणाली.

मुलं पिठावर तुटून पडली. यमुना ओठ मिटून भिंतीला टेकून उभी होती. मला आधी कळलं नाही, मग कळलं, ती श्वास घेत नव्हती. कोणीतरी काजूगर हातात धरून वर केला तेव्हा तिने मोठा श्वास सोडला आणि म्हणाली, "उशीर झाला. पण पुढच्या वेळी लवकर सापडेल."

त्यानंतर काही दिवस मला बर्फाची स्वप्नं पडत. आमच्या बंदरावर, होड्यांवर, माडांच्या झावळ्यांवर बर्फ पडतोय आणि कसलाच आवाज येत नाही. मी तिला ते सांगितलं तेव्हा ती हसली नाही. "आवाज नसता ता खराच," म्हणाली. "पडताना नसता."

तिच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी, गणपतीनंतर, शाळेची सहल वैभववाडीच्या पलीकडे घाटाखालच्या एका धबधब्याला निघाली. आधी चार दिवस पाऊस होता आणि त्या दिवशी लख्ख ऊन पडलं होतं. मुलं गाणी म्हणत चालली होती. धबधब्याचा आवाज ऐकू यायला लागला. शेवटच्या टप्प्यात पायवाट एका हिरव्यागार उतारावरून आडवी जात होती. यमुना सगळ्यांच्या पुढे होती. ती थांबली, छत्री टोचली, मान कलती केली. दोन पावलं पुढे गेली, पुन्हा टोचली. मग तिने हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

मुख्याध्यापक मागून घाम पुसत आले. "काय झालं परब बाई?"

"सर, इथून परत फिरूया."

"का?"

"उतारातून पाणी गढूळ येतंय. आणि आवाज पोकळ आहे."

सरांनी बुटाने जमीन दाबून पाहिली. "मला तर घट्ट वाटते."

"घट्टच आहे," यमुना म्हणाली. "खाली काय आहे ते मला माहीत नाही."

धबधबा झाडांमागे गर्जत होता. मुलं चळवळत होती. सर म्हणाले, "बाई, हे कोकण आहे. इथे बर्फ नाही." त्यांनी ते चिडून नाही, समजुतीच्या सुरात म्हटलं. यमुनाचा चेहरा पडला. पण ती वाटेवरून बाजूला झाली नाही. सरांनी काही वेळ तिच्याकडे पाहिलं, उताराकडे पाहिलं, आणि मग मुलांकडे वळून म्हणाले, "चला मागे." लहान मुलांना रडू आलं. आम्ही गावातल्या देवळात बसून घावणे आणि चटणी खाल्ली आणि घरी परतलो.

त्या उताराला काही झालं नाही. त्या पावसाळ्यात नाही, पुढच्या नाही. दिवाळीनंतर दुसऱ्या एका शाळेची मुलं तिथे जाऊन मनसोक्त भिजून आली. माझ्या माहितीप्रमाणे तो उतार अजून आपल्या जागी आहे. मुलांनी परब बाईंचं नाव परत बाई पाडलं, आणि शिक्षकांच्या खोलीतही ते हसत हसत वापरलं जाऊ लागलं. कोणी चहाला निघालं की मागून म्हणत, "परत बाईंना विचारलंस का?" यमुना आपल्या वह्या तपासत बसे.

तिला याचं वाईट वाटत नाही का, हे विचारायचा धीर मला एका रविवारी झाला. मी धामापूरला तिच्या घरी गेले होते. जेवणं झाल्यावर आम्ही भगवतीच्या देवळाकडून तळ्याच्या पायऱ्यांवर येऊन बसलो. तळ्यात आभाळ एवढं स्वच्छ उतरलं होतं की पाणी कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. ती माझ्याशी मालवणीत बोले, पण डोंगरातलं काही सांगायला लागली की नकळत पुस्तकी मराठीत जाई. तिकडचं जग इकडच्या बोलीत मावत नसावं.

"आम्ही तिघे होतो," ती म्हणाली. "मी, दोर्जे आणि अनिरुद्ध. दोर्जे लाहौलचा, अनिरुद्ध नाशिकचा. तिघेही शिकवायला होतो. फेब्रुवारीत तीन दिवस बर्फ पडला, वारा सुटला, आणि मग असं ऊन पडलं की डोंगर हाताला लागेल असा वाटावा. शिकाऊ मुलांच्या उतारापलीकडे, जिथे कोणी जात नाही असा एक उतार होता. आम्ही कमरेला लाल दोऱ्या बांधल्या. बांधायच्या आणि मागे सोडून द्यायच्या. माणूस गाडला गेला तर दोरीचा एखादा पदर वर राहतो. उताराच्या माथ्यावर मी पहिलं पाऊल ठेवलं आणि पायाखाली आवाज झाला. ढुप्प. मोठ्या घरात आतल्या खोलीत कोणी गादी टाकावी तसा. मी म्हटलं, मी येत नाही. दोर्जे माझ्या तोंडाकडे बघून वळला. अनिरुद्ध गेला."

"मग?"

"मग काय. सुंदर उतरला. एवढं सुंदर उतरताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. उतार जागचा हलला नाही. खाली आल्यावर हसत म्हणाला, यमुना, मोडला नाही बघ. तो चिडला नव्हता. संध्याकाळी माझ्यासाठी चहा करून आणला त्याने. आमचं लग्न व्हायचं होतं. आठवड्याने तो तसाच दुसऱ्या उतारावर गेला. मी खाली मुलांना शिकवत होते. आवाज ऐकला तेव्हाच कळलं. दोरी सापडली, तोही सापडला. उशिरा."

एक खंड्या पाण्यावरून सरळ रेघ ओढत गेला.

"सगळे म्हणाले, तुला कळलं होतं. मला काही कळलं नव्हतं. मी घाबरले होते. कळणं आणि घाबरणं यांतला फरक त्या जागेवर उभं राहून सांगता येत नाही. उतार मोडला तर तुम्ही शहाणे, नाही मोडला तर भित्रे. आणि परत फिरलं की मोडणार होता की नाही हे कधीच समजत नाही. पहिल्या दिवशी तो उतार मोडला नाही, हेच वाईट झालं. त्याने अनिरुद्धला खोटंच शिकवलं." मग मालवणीत म्हणाली, "मुलांनी माका परत बाई म्हटल्यानी तर म्हणांदेत. म्हणतत, म्हणजे घराक पोचलेत."

ती उठली आणि पाय धुवायला पायऱ्या उतरून खाली गेली. मी वरच बसून राहिले.

तिच्या आईला आम्ही सगळे काकी म्हणत असू. त्यांच्या डोळ्यांत त्याच सुमारास मोतीबिंदू उतरले. काकींनी आयुष्यात बर्फ पाहिला तो बर्फगोळेवाल्याच्या गाडीवरचा. "थंय बर्फार चलताना पायांक चटके बसतत काय गो?" असं त्या लेकीला विचारत, आणि यमुना मनापासून उत्तर देई की बसतात, फार वेळ उभं राहिलं तर बसतात. डोळ्यांवरचा पांढरा पडदा दाट झाला तशा काकी एका दुपारी ओटीवर बसून म्हणाल्या, "यमू, माका आता सगळा धवा दिसता. झाडा धवी, अंगण धवा. तुझो बर्फ असोच आसता काय?"

यमुना सुपातले तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं आणि आईजवळ जाऊन बसली. "असोच आसता आये. ढग खाली उतारले की जमीन खंयची आणि आभाळ खंयचा, कायच कळणा नाय."

"मग तू चलतंस कशी?"

"हळू चलतंय. पुढे बर्फाचो गोळो टाकतंय. तो घरंगळत गेलो तर उतार, खंय तरी रवलो तर सपाट."

काकींनी समोरच्या पांढऱ्या अंगणात हात पुढे करून काहीतरी टाकल्यासारखं केलं आणि मान कलती करून ऐकत राहिल्या. मायलेकींची ती सवय एकच होती, हे मला त्या दिवशी दिसलं. ऑपरेशनला मात्र त्या तयार नव्हत्या. या वयात डोळ्यांना सुरी लावून घ्यायची नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

पुढच्या मे महिन्यात दोर्जे आला. काही न कळवता, कणकवलीहून एस्टीने, अंगात लोकरीचं जाकीट घालून. त्याने समुद्र कधी पाहिला नव्हता. यमुना त्याला घेऊन आमच्याकडे जेवायला आली. सुरमईची आमटी खाताना त्याच्या कपाळावरून घाम नाकावर ओघळत होता, तरी तो पानावरून उठेना. संध्याकाळी आम्ही त्याला किनाऱ्यावर नेलं. तो घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहिला आणि पुढे जाईना. एक लाट फुटली, दुसरी फुटली. त्याने हिंदीत विचारलं, "हे असं रोज कोसळतं?"

"रोज. दिवसभर," मी म्हटलं.

"मग तुम्ही झोपता कसे?"

यमुना इतकी हसली की तिला वाळूत बसावं लागलं. मी तिला तसं हसताना आधी पाहिलं नव्हतं.

तो तिला न्यायला आला होता. आता बाहेरून लोक यायला लागले होते, ठरलेल्या उतारांवर न थांबता कोऱ्या बर्फात शिरणारे. संस्थेने त्यांच्यासाठी वेगळं शिक्षण सुरू करायचं ठरवलं होतं. बर्फात खड्डा खणून थर कसे बघायचे, एकेकाने कसं ओलांडायचं, गाडलेल्याला कसं शोधायचं.

"उतरायला शिकवणारे पुष्कळ आहेत," दोर्जे म्हणाला. "परत फिरायला शिकवणारं कोणी नाही."

"मी शिकवलं तर लोक नुसते घाबरतील," यमुना म्हणाली. "मला स्वतःलाच अजून कळलेलं नाही."

दोर्जे पायावरची ओली वाळू झाडत होता. "मी त्या दिवशी तुझ्यामागून वळलो," तो म्हणाला. "त्यानंतर पुष्कळदा वळलो. त्यातले कुठले उतार मोडले असते ते देव जाणे. मला दोन मुलगे आहेत. मी आहे. मला एवढंच माहीत आहे."

घरी गेल्यावर यमुनाने आईला सांगितलं ते नकार देण्याच्याच तयारीने. आईला अशी टाकून जाता येणार नाही, असं म्हणायला लागली. काकींनी तिला पुरतं बोलू दिलं नाही.

"तुका वाटता, तू हंय माका सांभाळतंस," त्या म्हणाल्या. "तू खिडकेत उभी रवान ढग बघतंस. ता माका दिसता. डोळे गेले तरी दिसता. जा तू. मी भयणीकडे रवतंय."

"तू डोळ्यांचा ऑपरेशन करून घेतलंस तर जातंय," यमुना म्हणाली.

काकींनी डोळ्यांवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाल्या, "बरा."

पावसाळ्यात यमुनाने त्यांना मिरजेला नेलं. पट्टी निघाली आणि त्या घरी आल्या तेव्हा मी भेटायला गेले. काकी अंगणाकडे बघत बसल्या होत्या. बऱ्या आहात ना, विचारलं, तर म्हणाल्या, "बरी आसंय. पण बाय, आता सगळा परत हिरवा आणि तांबडा." त्यांच्या आवाजात थोडी हळहळ होती.

यमुनाने शाळा सोडली. निरोपाच्या वेळी मुख्याध्यापक बोलायला उभे राहिले. "परब बाईंनी आमची एक सहल बुडवली," असं म्हणून ते हसले, आणि पुढचं वाक्य त्यांना सुचेना. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि म्हणाले, "सगळी मुलं घरी आली." एवढंच बोलून ते बसले.

तिला मी शेवटचं पाहिलं ते त्यानंतर काही वर्षांनी. माझ्या यजमानांना प्रवासाची सवलत मिळाली होती आणि आम्ही मे महिन्यात मनालीला गेलो. तिने कळवलं होतं की शिकवणीचे महिने संपलेत, आता ती आणि दोर्जे स्वतःसाठी वर जातात. तुम्ही पहाटे गाडी करून रस्ता मोकळा असेल तिथवर या. मेमधला बर्फ रात्री दगडासारखा गोठतो, ऊन लागलं की वरचा पापुद्रा तेवढा मऊ होतो, आणि तो थोडा वेळ उतरायला फार चांगला असतो. त्यानंतर सगळंच ओलं आणि जड होतं. तेव्हा तिथे कोणी असू नये.

आम्ही पोचलो तेव्हा उन्हाची कड नुकतीच उतारावर आली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती होत्या. मी हात लावून पाहिला आणि काढून घेतला. वर, खूप वर, दोन ठिपके होते. त्यातला एक बसून होता. दुसरा कडेला उभा राहून खाली बघत होता, हलत नव्हता. मी मनात म्हटलं, ही आता वळणार. किती वेळ गेला कोण जाणे. यजमानांनी विचारलं, "ती तुमच्या शाळेतली परब बाई?" मी हो म्हणेपर्यंत ती निघाली होती.

मी तिला कायम थांबताना पाहिलं होतं. तिला जाताना पाहिलं ते त्या सकाळीच. ती अशी खाली आली की तिला वजनच नसावं. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, आणि प्रत्येक वळणावर बर्फाचा पातळ फवारा उन्हात उभा राहायचा आणि तिच्या मागे हळूच विरून जायचा. ती जवळ आली तेव्हा नवं लुगडं टराटरा फाडावं तसा आवाज ऐकू आला. तिचं तोंड उघडं होतं, ती हसत होती की ओरडत होती ते मला कळलं नाही. तिने आम्हाला ओळखलं, एक हात वर केला, पण थांबली नाही. आमच्या खालच्या बाजूला उताराला एक घडी होती. ती त्या घडीवरून अलगद पलीकडे गेली.

आम्ही खाली भेटणार होतो. पण परतीच्या रस्त्यावर गाड्या अडकल्या, आमच्या ड्रायव्हरला घाई झाली, आणि संध्याकाळची बस गाठायची होती. आता तिला कुठे शोधणार, असं यजमान म्हणत होते. मी गाडीच्या मागच्या काचेतून वर बघत होते. तिने काढलेली नागमोडी रेघ उन्हात लांबपर्यंत दिसत राहिली.